प्रोस्टेटचा कॅन्सर : ऑपरेशन करायचं की नाही?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘डॉक्टरसाहेब, माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन सात वर्षांपूर्वीच झालंय. मग आता प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाच कसा?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा चिडलेला असतो. आधीच्या डॉक्टरांनी काम अर्धवट केलं, असं त्याच्या मनात असतं. खरं तर तसं काही नसतं. म्हणून आज सुरुवात इथूनच करतो.

प्रोस्टेट म्हणजे पुरस्थ ग्रंथी. ती फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, गुदाशयाच्या पुढे, साधारण अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढलं की ही ग्रंथी फुगते, नळी दाबली जाते, धार बारीक होते, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. हा कॅन्सर नव्हे. त्यासाठी लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून जे ऑपरेशन करतात, त्यात ग्रंथीचा फक्त आतला, फुगलेला भाग खरवडून काढतात. आपलं नागपुरी संत्रं डोळ्यांपुढे आणा. त्या ऑपरेशनात फोडी निघाल्या, साल जागेवरच राहिली. आणि कॅन्सर बहुतेक वेळा होतो तो नेमका या सालीत.

कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं. त्यात सालीसकट अख्खं संत्रं काढायचं, त्याला चिकटलेल्या वीर्याच्या दोन पिशव्या काढायच्या, गरज असेल तर ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी, म्हणजे आपण ज्यांना नुसतं ‘गाठी’ म्हणतो त्या, काढायच्या. मग मूत्राशयाचं तोंड खाली उरलेल्या लघवीच्या नळीला टाके घालून जोडायचं. याला रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी म्हणतात. लोक दोन्हींना ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’च म्हणतात, दोन्ही ‘दुर्बिणीतून’ होऊ शकतात, आणि सगळा घोळ तिथे होतो.

दुसरी गोष्ट. प्रोस्टेटचे सगळे कॅन्सर सारखे नसतात. काही इतके संथ असतात की त्यांना हात न लावता नुसती नजर ठेवली तरी चालतं. इंग्लंडमधल्या ‘प्रोटेक्ट’ या मोठ्या अभ्यासाचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ऑपरेशन करा, रेडिएशन द्या किंवा नियमित तपासण्या करत थांबा. तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले शंभरात तीनच्या आसपास होते. पण त्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण कमी किंवा मध्यम धोक्याचे होते. मला आज बोलायचंय ते उरलेल्यांबद्दल, ज्यांच्या कागदावर ‘हाय-रिस्क’ असं लिहिलेलं असतं.

हाय-रिस्क कोणाला म्हणायचं? तीन गोष्टी पाहतात. रक्तातला पीएसए २० च्या वर असणं, बायोप्सीत ग्लीसन स्कोअर ८, ९ किंवा १० येणं, आणि गाठ ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेलेली असणं. तिन्हीपैकी एक असलं तरी पुरे. ग्लीसन हे अमेरिकेतल्या एका पॅथॉलॉजिस्टचं नाव. १९६० च्या दशकात डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी किती विस्कटली आहे त्यावरून गुण द्यायची पद्धत बसवली. शाळेतल्या गुणांच्या उलट, इथे जितके गुण जास्त तितकं वाईट. मात्र हाय-रिस्क म्हणजे कॅन्सर पसरला असं नव्हे. पसरण्याची किंवा उलटण्याची भीती जास्त, एवढाच त्याचा अर्थ. घरी गेल्यावर हा फरक पुसला जातो आणि ‘शेवटची स्टेज’ अशी बातमी गावभर होते.

अशा रुग्णांना ऑपरेशन द्यायचं नाही, असंच आम्हाला शिकवलं होतं. त्याला कारणं होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली हे ऑपरेशन केलं. पण पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं सर्जन त्यापासून लांबच राहिले. रक्तस्राव भयंकर व्हायचा. वाचलेल्याची लघवी थांबायची नाही आणि शरीरसंबंध तर जवळपास कायमचा संपायचा. त्याच रुग्णालयातल्या डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी आधी रक्तस्राव कुठल्या शिरांमधून होतो ते शोधलं, आणि १९८२ मध्ये ताठरतेच्या नसा वाचवून ऑपरेशन करून दाखवलं. या नसा ग्रंथीच्या आत नसून बाहेरून, दोन्ही बाजूंनी चिकटून जातात, हे तोवर नीट कोणाला ठाऊकच नव्हतं.

तरीही हाय-रिस्क रुग्ण ऑपरेशनपासून दूरच राहिले. विचार असा होता की, चार पेशी बाहेर गेल्याच असतील, मग ग्रंथी काढून उपयोग काय? कित्येकदा ओटीपोट उघडल्यावर आधी गाठी काढून तिथल्या तिथे तपासायला पाठवत. त्यात कॅन्सर आढळला तर प्रोस्टेटला हात न लावता पोट शिवून टाकत. त्या काळच्या माहितीप्रमाणे ते योग्यच वाटत होतं.

हा विचार बदलला तो हळूहळू. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २००५ मध्ये आपल्याकडच्या ८४१ रुग्णांचा हिशेब मांडला. तपासताना गाठ आवरणाबाहेर आलीय असं वाटूनही यांचं ऑपरेशन केलं होतं. पंधरा वर्षांनंतर शंभरातले एकोणऐंशी या कॅन्सरनं दगावलेले नव्हते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शंभरातल्या सत्तावीस जणांची गाठ प्रत्यक्षात आवरणाच्या आतच निघाली. म्हणजे बोटानं तपासून जे वाटलं होतं, त्यापेक्षा आजार कमी होता. ऑपरेशन नाकारलं असतं तर हे कोणाला कळलंही नसतं.

पण श्रोतेहो, हे आकडे ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. मी स्वतः सर्जन आहे, आणि सर्जन ऑपरेशनसाठी रुग्ण निवडतो तेव्हा धडधाकट, हृदय चांगलं असलेला, कमी वयाचा निवडतो. असा माणूस कुठल्याही उपचारानं जास्त जगतो. शिवाय मेयोच्या त्या रुग्णांपैकी बहुतेकांना पुढे रेडिएशन किंवा हार्मोनचे उपचार घ्यावेच लागले. हाय-रिस्क कॅन्सरमध्ये ऑपरेशन हा पुष्कळदा पहिला टप्पा असतो, शेवटचा नव्हे. ‘एकदा काढून टाका डॉक्टर, म्हणजे कटकट मिटली’ असं म्हणणाऱ्याला मी आधी हे सांगतो.

दुसरा रस्ता रेडिएशनचा. त्यासोबत दीड ते तीन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं. याचा पुरावा भक्कम आहे. स्कँडिनेव्हियातल्या एका अभ्यासात ८७५ रुग्णांपैकी अर्ध्यांना नुसते हार्मोनचे उपचार दिले, अर्ध्यांना त्यासोबत रेडिएशन. २००९ मध्ये निष्कर्ष आले. दहा वर्षांत या कॅन्सरनं झालेले मृत्यू पहिल्या गटात शेकडा चोवीस, दुसऱ्यात शेकडा बारा. थेट निम्मे.

या आकड्यांकडे आपल्या भागातल्या लोकांनी लक्ष द्यावं, असं मला फार वाटतं. कारण आपल्याकडे अजून एक सल्ला सर्रास मिळतो : ‘वय झालंय, वृषण काढून टाका, स्वस्तात काम होईल.’ वृषण काढले की टेस्टोस्टेरॉन थांबतं आणि प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. हाडांत पसरलेल्या कॅन्सरमध्ये हा उपचार आजही मोलाचा आहे. पण ज्याचा आजार अजून ओटीपोटातच आहे, त्याला एवढ्यावरच थांबवणं म्हणजे बरं होण्याची संधी हातची घालवणं. अशा माणसाला ऑपरेशन नाही तर रेडिएशन, यांपैकी काही तरी मिळालंच पाहिजे.

रेडिएशनही सुधारलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २२४ हाय-रिस्क रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या प्रोस्टेटला रेडिएशन दिलं तेव्हा पाच वर्षांनंतर शंभरातल्या एक्क्याऐंशी जणांचा पीएसए काबूत होता. ओटीपोटातल्या गाठींनाही दिलं तेव्हा पंच्याण्णव जणांचा. आपल्याच मुलखातल्या रुग्णांवर झालेला हा अभ्यास जगभरच्या डॉक्टरांनी वाचला.

मग ऑपरेशन चांगलं की रेडिएशन? चिठ्ठी टाकावी तसं अर्ध्यांना हे, अर्ध्यांना ते, अशी खरी तुलना हाय-रिस्क रुग्णांत वर्षानुवर्षं झालीच नव्हती. स्कँडिनेव्हियात २०१४ पासून नेमका तसा अभ्यास हाती घेतला गेला. हा आजार संथ असल्यामुळे असल्या अभ्यासांना दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. म्हणून कोणी छातीठोकपणे ‘आमचाच उपचार श्रेष्ठ’ म्हणालं, तर तो सर्जन असो की रेडिएशनचा डॉक्टर, जरा सावध राहा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक हाय-रिस्क रुग्णाला मी चिठ्ठी देऊन रेडिएशनच्या डॉक्टरांकडे पाठवतो आणि सांगतो, त्यांचंही ऐका, मग या. तो परत येतोच असं नाही. नाही आला तरी हरकत नाही.

आता जे बोलायला सगळे लाजतात त्याबद्दल. नातेवाईक दाराशी मला अडवतात : ‘बाबांना काही सांगू नका, ऑपरेशनची तारीख द्या फक्त.’ मुलांचं प्रेम मला समजतं. पण ऑपरेशननंतर ओल्या कपड्यांत बाबा बसणार आहेत, मुलं नव्हे. प्रोस्टेट काढल्यावर लघवी धरून ठेवण्याचा सगळा भार खालच्या एकाच स्नायूवर येतो. आठ-पंधरा दिवसांनी नळी काढली की सुरुवातीला बहुतेकांची लघवी गळते : खोकलं, उठलं, ओझं उचललं की गळते. त्या स्नायूचा व्यायाम नेमानं केला तर बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. काहींना वर्ष लागतं. थोड्यांना कायम पॅड लावावा लागतो.

एक निवृत्त एस.टी. ड्रायव्हर माझ्याकडे आले होते. वय सहासष्ट, पीएसए चौतीस, ग्लीसन आठ. लघवी दोनदा तुंबून नळी घालावी लागली होती. दोन्ही मुलं ऑपरेशनच करा म्हणून हटून बसलेली. मी मुलांना चहा प्यायला पाठवलं आणि विचारलं, ‘काकाजी, तुम्हाला काय विचारायचंय?’ ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘साहेब, मी दर एकादशीला भजनात पखवाज वाजवतो. दोन-अडीच तास बैठक. मला तेवढं कोरडं बसता येईल का?’ खर्च किती आणि किती वर्षं जगणार, हे मुलांनी विचारून झालं होतं. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, पहिले काही महिने नाही जमणार. नंतर बहुधा जमेल, पण खात्री देत नाही. रेडिएशन घेतलं तर गळण्याची शक्यता कमी. पण तुमची लघवी आधीच तुंबतेय, रेडिएशननं ती सूज आणखी वाढू शकते, आणि हार्मोनमुळे थकवा येईल. त्यांनी चार दिवस घेतले. रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटले. मग ऑपरेशन ठरवलं. लघवी तुंबणं कायमचं थांबावं, हे त्यांचं मुख्य कारण होतं, आणि ते योग्यही होतं. गाठी स्वच्छ निघाल्या. पण एका कडेला कॅन्सरच्या पेशी होत्या. चौदा महिन्यांनी पीएसए वाढायला लागला, तेव्हा रेडिएशन घेतलं. मधल्या काळात पखवाजाला बसायला लागले होते. रेडिएशनच्या दिवसांत पुन्हा बंद पडलं. आता बसतात, पॅड लावून बसतात आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही.

शरीरसंबंधाचं बोलणं आणखी अवघड. हाय-रिस्कमध्ये गाठ ज्या बाजूला असते त्या बाजूची नस बहुधा ठेवता येत नाही. कधी दोन्हीकडच्या काढाव्या लागतात. दोन्ही गेल्या तर ताठरता आपोआप परत येत नाही आणि गोळ्यांनीही फारसं होत नाही; इंजेक्शन, पंप असे उपाय राहतात. वीर्य येत नाही, पण सुखाची जाणीव राहते. आणि ‘पुरुषत्व जातं’ ही समजूत चुकीची. ऑपरेशननं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, दाढी-मिशा, आवाज, ताकद जागच्या जागी राहतात. ते कमी करतं हार्मोनचं औषध : अंगातून वाफा येणं, इच्छा मरणं, स्नायू सैल पडणं, हाडं ठिसूळ होणं, हे त्याचे परिणाम. हे बोलताना बायको शेजारी असावी असा माझा आग्रह असतो. बरेचदा तीच म्हणते, ‘आमचं ते वय गेलं हो, यांचा जीव राहू द्या.’ पण हे तिनं म्हणावं आणि त्यांनी ऐकावं. डॉक्टरांनी दोघांच्या वतीनं धरून चालू नये.

रोबोटबद्दल फार विचारतात. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन शेजारी बसून त्याचे हात चालवतो. रक्त कमी जातं, छेद लहान, घरी लवकर जाता येतं. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ रुग्णांत पोट उघडून आणि रोबोटनं, अशी सरळ तुलना झाली. दोन वर्षांनंतर लघवी आणि शरीरसंबंध या दोन्ही बाबतींत दोघांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे ‘रोबोटसाठी अर्धा एकर काढू का?’ असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणतो. यंत्रापेक्षा, ते हात वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात हे विचारा. विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

माझ्या मते ऑपरेशन कोणाला सुचवावं? ज्याचं वय सत्तरीच्या आत-बाहेर आणि तब्येत चांगली, आणखी दहा वर्षं सहज जगेल असा. लघवी तुंबणारा. ज्याच्या ओटीपोटावर आधी कधी रेडिएशन झालेलं आहे असा. गाठ गुदाशयाला किंवा ओटीपोटाच्या भिंतीला चिकटलेली नाही असा. एक मुद्दा सर्जन नेहमी मांडतात आणि तो खोटा नाही : ऑपरेशननंतर रेडिएशन देता येतं, रेडिएशननंतर ऑपरेशन करणं फार कठीण. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्याला पुढे तिन्ही उपचार घ्यावे लागतील हे आधीच दिसतंय, त्याला तिन्हींचा त्रास सोसायला लावण्यात अर्थ नाही. हृदय अशक्त असलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना मी टेबलावर घेत नाही. मग राहतो तो चार ते आठ आठवडे शहरात राहण्याचा प्रश्न. शेतकरी माणसाला कापूस वेचणीच्या दिवसांत हे जड जातं. मुंबईला जावं लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं आजवर असंख्य कॅन्सर रुग्णांना आसरा दिला आहे.

ठरवण्याआधी कॅन्सर बाहेर गेला नाही ना, हे नीट पाहायला हवं. पूर्वी हाडांचा स्कॅन आणि सीटी एवढंच होतं. आता पीएसएमए पेट स्कॅन आहे. ऑस्ट्रेलियातल्या हाय-रिस्क रुग्णांच्या अभ्यासात त्याची अचूकता शेकडा ब्याण्णव, जुन्या पद्धतीची शेकडा पासष्ट निघाली; हे २०२० सालचं. खर्च होतो, पण नको ते ऑपरेशन वाचतं. आणि बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. घाईही नको. हा हार्ट अटॅक नव्हे. विचार करायला, दोन डॉक्टरांना भेटायला दोन-चार आठवडे गेले तर बिघडत नाही. सहा महिने जडीबुटीत घालवले तर मात्र बिघडतं.

ऑपरेशननंतर लगेच सगळ्यांना रेडिएशन द्यायचं का, हा पूर्वी वादाचा विषय होता. २०२० मध्ये आलेल्या ‘रॅडिकल्स’ अभ्यासात १,३९६ रुग्ण होते. सरसकट लगेच देण्यापेक्षा पीएसएवर लक्ष ठेवून, तो वाढायला लागताच दिलं तरी चालतं, असं त्यातून दिसलं. ग्लीसन आठच्या वरचे त्यात तुलनेनं कमी होते. त्यामुळे फार वाईट रिपोर्ट असलेल्यांबाबत आम्ही अजून एकेकाचा वेगळा विचार करतो. पण लक्ष ठेवायचं म्हणजे ठेवायचं. पहिला पीएसए साधारण सहा आठवड्यांनी, तो ०.१ च्या खाली हवा. मग पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी. ०.२ किंवा जास्त, तेही दोनदा आलं, तर आजार परत डोकं काढतोय असं समजतो आणि तेव्हा उशीर करत नाही. ०.०३ चा ०.०४ झाला म्हणून रात्रभर जागणारे रुग्ण मला माहीत आहेत. तो फरक यंत्राचाही असतो. दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा, आणि पहिल्या बायोप्सीचा कागद हरवू नका. पाच वर्षांनी तो पुन्हा मागितला जातो.